ते चार सेकंद आणि नंतरचे आठ महिने

९ नोव्हेंबरला माझ्या ट्रेनिंग फ्लाइटचं लँडिंग बिघडलं. विमानाच्या पुढच्या चाकाचा पाय मोडला, प्रॉपेलर रनवेवर घासला आणि आम्ही घसरत गवतात जाऊन थांबलो. मी आणि माझे इन्स्ट्रक्टर, दोघंही आपापल्या पायांनी चालत बाहेर आलो. पुढे कोण काय विचारतं, कोणते कागद लागतात, पुन्हा उडायला किती दिवस लागतात, हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्या रात्री मोबाइलवर शोधत बसले होते. मोठ्या विमानांच्या अपघातांवर ढीगभर मजकूर मिळाला. चार सीटच्या विमानात शिकणाऱ्या मुलीचं पुढे काय होतं, हे कुठे सापडलं नाही. शेवटचा कागद मागच्या आठवड्यात हातात आला, म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते आहे.

तेव्हा माझे एकूण २३ तास झाले होते. १९ व्या तासाला पहिला सोलो, म्हणजे एकटीने उड्डाण, झाला, त्याला दहा दिवस झाले होते. त्या दिवशी क्रॉसविंडमधली, म्हणजे आडव्या वाऱ्यातली, सर्किट्स होती: टेकऑफ, गोल फेरी, लँडिंग, पुन्हा टेकऑफ. विमान सेस्ना १७२. डाव्या सीटवर मी, उजव्या सीटवर सर. वारा रनवेच्या दिशेपासून ५० अंश उजवीकडून, ९ नॉट (वाऱ्याचा आणि विमानाचा वेग नॉटमध्ये मोजतात). म्हणजे आडवा वारा साधारण ७ नॉट. या विमानासाठी हे काही फार नाही, आधीची चार लँडिंग बरी झाली होती.

पाचव्या वेळी फायनलवर, म्हणजे रनवेच्या रेषेत उतरताना, मी थोडी उंच होते. नाक खाली करून उंची कमी केली आणि वेग वाढला. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) पूर्ण, म्हणजे ३० अंशांवर, असताना आम्हाला ६५ नॉट ठेवायला शिकवलं होतं. मी आकडा पाहिला आणि माझ्या मते तो ६५ होता. रनवेवर आल्यावर इंजिनची पॉवर कमी-जास्त करायचा थ्रॉटल मागे घेतला, नाक उचलायला सुरुवात केली, पण विमान खाली बसेना. जमिनीलगत, पंखांच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत, विमानाला एक उशीसारखा आधार मिळतो आणि वेग जास्त असेल तर ते तरंगतच राहतं. मला ते आवडलं नाही. मी योक, म्हणजे नाक वर-खाली करायचं हँडल, सैल सोडला. तिन्ही चाकं जवळजवळ एकदमच टेकली.

मग उसळी. इथे काय होतं ते नीट सांगते, कारण मला ते आधी फक्त पुस्तकातून माहीत होतं. विमान चेंडूसारखं उडतं असं बाहेरून दिसतं. खरं तर त्याच्या पंखांत अजून उडण्याइतका जोर शिल्लक असतो. पुढच्या चाकाला धक्का बसून नाक वर जातं, पंखांचा वाऱ्याशी कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत येतं. साधारण तीन फूट वर गेलो असू. समोर आकाश दिसलं आणि माझे हात आपोआप पुढे गेले, नाक खाली दाबायला. दाबलेलं लागू होईपर्यंत विमान स्वतःच खाली यायला लागलेलं असतं, त्यामुळे माझा धक्का चुकीच्या वेळी पोचला आणि आम्ही पुढच्या चाकावर आपटलो. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी होती. मी पुन्हा दाबलं. याला पॉरपॉइझिंग म्हणतात, पॉरपॉइझ नावाचा समुद्री प्राणी पाण्यातून वर-खाली येत जातो तसं. यात प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा वाईट असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आपटीला पुढचा पाय जातो. उपाय एकच आणि तो पहिल्या उसळीलाच करायचा: नाक आहे तिथे धरायचं, पूर्ण पॉवर द्यायची आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. हे मला लेखी परीक्षेत आलं होतं आणि मी बरोबर लिहिलंही होतं.

तिसऱ्या वेळी आवाज वेगळा आला. पत्र्याच्या डब्यावरून कुणी करवत जोरात फिरवावी तसा, आणि लगेच इंजिन बंद. नाक खाली गेलं, समोर फक्त डांबर दिसायला लागलं, मग डावीकडे वळून गवत.

थांबल्यावर पहिल्यांदा सरांचा आवाज ऐकला, अगदी रोजचा: "मिक्श्चर. फ्युएल. मॅग्नेटो. मास्टर. बेल्ट. बाहेर." एकेक शब्दाबरोबर त्यांचा हात ते ते बंद करत होता. दरवाजा उघडून मी उतरले आणि पाय लटपटत असूनही वारा येत होता त्या दिशेने विमानापासून लांब गेले. वाऱ्याकडे तोंड करून लांब जायचं, म्हणजे आग लागलीच तर धूर आणि ज्वाळा आपल्याकडे येत नाहीत. अग्निशमनची गाडी दोन मिनिटांत आली. आग लागली नव्हती.

एक गोष्ट मला माहीत नव्हती आणि कदाचित तुम्हालाही नसेल. विमानात ईएलटी नावाचा एक ट्रान्समीटर असतो, तो जोराच्या धक्क्याने आपोआप चालू होऊन ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकटाचा संदेश पाठवतो. आमचा चालू झाला होता. टॉवरने लगेच शोध-बचाव केंद्राला कळवलं की माणसं सुखरूप आहेत, आणि परवानगी मिळाल्यावर इंजिनिअरने तो बंद केला. तुमच्यावर अशी वेळ आली आणि तुम्ही ठीक असाल, तर पहिल्या काही मिनिटांत हे कुणाला तरी विचारा.

त्यानंतर दिवसभर कागद. त्याआधी दोघांचीही श्वासातल्या मद्याची चाचणी झाली. अपमान वाटला, पण अपघातानंतर ही नेहमीची पद्धत आहे आणि तिचा निकाल आपल्याच बाजूने लेखी राहतो. मग डॉक्टर. मला काही दुखत नव्हतं, म्हणून मी नको म्हणत होते. सरांनी ऐकलं नाही, बरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना आणि छातीवर खांद्याच्या पट्ट्याचा तिरका निळा वळ उठला होता. शरीर भेदरलेलं असतं तेव्हा दुखणं कळत नाही. पहिल्याच दिवशी तपासणीची नोंद नसती, तर नंतर ती मान त्याच अपघातात दुखावली हे दाखवणं अवघड गेलं असतं. सरांचं मनगट मुरगळलं होतं. दोन्ही दुखापती किरकोळ सदरात गेल्या. नियमात गंभीर दुखापत कशाला म्हणायचं हे ठरलेलं आहे, उदाहरणार्थ सात दिवसांच्या आत सुरू होऊन ४८ तासांहून जास्त रुग्णालयात राहावं लागणं.

मग जबाब. एका खोलीत मला फॉर्म दिला आणि 'झालं ते लिहा' म्हणाले. फॉर्मवर घटना असा शब्द होता. मी सरळ लिहायला घेतलं, दीड पान लिहिलं, सही केली. माझ्याकडून इथे एक चूक झाली. तोपर्यंत मी तासभर बाकीच्यांशी बोलत होते. टॉवरमधून पाहणाऱ्याने सांगितलं होतं की आम्ही तीनदा उसळलो. मोजणीची मला आठवण नव्हती, तरी मी तीनदा लिहिलं. हे मला महिन्याने कळलं. शक्य असेल तर कुणाशीही बोलण्याआधी एकटीने कोऱ्या कागदावर उतरवून काढा, आणि 'मी पाहिलं', 'मी ऐकलं', 'मला वाटलं', 'मला दुसऱ्याने सांगितलं' हे वेगवेगळं लिहा. आठवत नसेल तिथे आठवत नाही असं लिहिणं पूर्ण मान्य असतं. मला वाटलं होतं की ते टाळाटाळीसारखं दिसेल.

विमान चालवणं एकाकडून दुसऱ्याकडे जाताना घेणारा 'आय हॅव कंट्रोल' म्हणतो आणि देणारा 'यू हॅव कंट्रोल' म्हणून हात काढतो. त्याच जबाबात मी हे वाक्य लिहिलं होतं: "सरांनी कंट्रोल घेतल्यावर मी 'यू हॅव कंट्रोल' म्हटलं आणि योक सोडला."

कागदांचं थोडं सांगते. माझ्याकडून लायसन्स, मेडिकल सर्टिफिकेट, लॉगबुक आणि ट्रेनिंग रेकॉर्ड मागितलं. लॉगबुक मूळ प्रतच घेतात. मी पानांचे फोटो काढून ठेवले आणि पोच घेतली, पुढे अडीच महिने ते माझ्याकडे नव्हतं. विमानाचा टेक्निकल लॉग, इंधनाची नोंद, देखभालीच्या फायली शाळेकडून गेल्या. त्या दिवसाचा वजन आणि समतोलाचा हिशेब मात्र माझ्याकडून हवा होता. तो मी सकाळी कागदावर केला होता आणि योगायोगाने तो कागद बॅगेत राहिला होता. तेव्हापासून मी असा एकही कागद फेकत नाही.

घरी गेल्यावर आईला सांगताना आवाज फुटला. ती एवढंच म्हणाली, "आधी जेव, मग सांग." त्या रात्री झोप लागली नाही. डोळे मिटले की डांबर दिसायचं.

१० तारखेला इंजिनिअरने इंजिनवरचं झाकण काढलं आणि फायरवॉलवर वळ्या पडलेल्या दिसल्या. इंजिन आणि केबिनच्या मधला हा पत्रा. पुढच्या चाकाचा पाय त्यालाच बसवलेला असतो, त्यामुळे नाकावर आपटलं की मार तिथपर्यंत जातो. मी जाऊन पाहिलं. इस्त्री करताना कापड गोळा व्हावं तशा तीन बारीक सुरकुत्या, आणि त्यांच्या कडेला रंगाचे पोपडे. त्या तीन सुरकुत्यांमुळे फॉर्मवरचा शब्द बदलला, घटनेचा अपघात झाला. विमान वाहतुकीचे जागतिक नियम ठरवणाऱ्या आयकाओच्या परिशिष्ट १३ मध्ये ही व्याख्या आहे: विमानाच्या सांगाड्याच्या मजबुतीवर परिणाम करणारं आणि मोठी दुरुस्ती लागणारं नुकसान म्हणजे अपघात. फक्त प्रॉपेलर, टायर, ब्रेक एवढंच गेलं असतं तर तो शब्द लागला नसता. अपघात हा शब्द माझ्या नावापुढे लागणार म्हणून मी त्या दिवशी खूप रडले. आता सांगू शकते की त्या शब्दाने माझं काही वाईट झालं नाही. उलट त्यामुळे तपास व्यवस्थित झाला.

११ नोव्हेंबरला तपास मंडळाच्या अधिकारी आल्या. त्यांना मी इथे मॅडम म्हणते. त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं की हा तपास पुढचे अपघात टाळण्यासाठी असतो, दोष किंवा जबाबदारी ठरवण्यासाठी नाही. मला ते धीर देण्यापुरतं वाटलं. नंतर वाचलं, तर परिशिष्ट १३ मध्ये तपासाचा एकमेव उद्देश म्हणून हेच लिहिलेलं आहे. ते परिशिष्ट १९५१ साली पहिल्यांदा स्वीकारलं गेलं. दंड, लायसन्स, भरपाई हे विषय वेगळे असतात आणि वेगळे लोक पाहतात. हे आधी माहीत असतं तर मी त्या खोलीत थोडी कमी घाबरले असते.

मॅडमनी मध्ये न बोलता माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आता डोळे मिट. पहिली उसळी बसली. हात कुठे आहेत ते बोलू नकोस, दाखव." मी डोळे मिटले आणि हात उचलले. उघडले तेव्हा माझे दोन्ही हात समोर होते, मुठी आवळलेल्या. जबाबात मी लिहिलं होतं की उजवा हात थ्रॉटलवर होता. डाव्या सीटवर बसल्यावर तो तिथेच असायला हवा. मॅडम काहीच म्हणाल्या नाहीत, फक्त वहीत लिहिलं.

दुपारी त्या रनवेवर गेल्या आणि मला लांबून पाहू दिलं. प्रॉपेलरच्या पात्यांनी डांबरात आडव्या खाचा पाडल्या होत्या, बोटभर रुंद, एकापुढे एक सात. मॅडम गुडघ्यांवर बसून टेपने दोन खाचांमधलं अंतर मोजत होत्या आणि खडूने आकडा लिहीत होत्या. पहिल्या दोनांत ४८ सेंटिमीटर. मी विचारलं, यातून काय कळतं? माझ्या टॅबलेटवर नकाशाचं अ‍ॅप चालू होतं आणि त्याने दर सेकंदाला जीपीएसचा वेग नोंदवला होता: तिसऱ्या आपटीला ४७ नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण २४ मीटर. २४ मीटरला ४८ सेंटिमीटरने भागलं की सेकंदाला ५० खाचा. पाती दोन, म्हणून सेकंदाला २५ फेरे, मिनिटाला १,५००. थ्रॉटल बंद असता तर एवढ्या वेगाला इंजिन हजाराच्या आसपास फिरलं असतं. म्हणजे आपटायच्या आधी कुणीतरी पॉवर द्यायला सुरुवात केली होती. सरांनी जबाबात तेच लिहिलं होतं: "मी थ्रॉटल पुढे केला." मला ते अजिबात आठवत नव्हतं. त्या खाचांनी त्यांची बाजू मांडली याचं मला फार बरं वाटलं, कारण शाळेत तोपर्यंत कुजबुज सुरू झाली होती की सर वेळेवर जागे नव्हते.

त्याच टॅबलेटने माझं ६५ ही खोडलं. रनवेच्या सुरुवातीला जमिनीवरचा वेग ६६ नॉट होता. समोरून येणारा वारा साधारण ६ धरला की हवेतला वेग ७२. सात नॉट ऐकायला थोडे वाटतात. पण विमानातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ७२ भागिले ६५, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे २३ टक्के जास्त. एवढी जास्तीची ऊर्जा घेऊन मी ते विमान जमिनीवर बसवायला पाहत होते. मी खोटं बोलले नव्हते. मला खरोखर ६५ दिसलं होतं.

मग वाट पाहणं सुरू झालं. मंडळाने मला उड्डाणाची बंदी घातली नव्हती. शाळेने घातली, आणि मानेमुळे डॉक्टरांनी तीन आठवडे मेडिकल थांबवलं. सरांनाही शिकवणं बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यांना फोन करावा की नाही हे मला कळत नव्हतं. बोललं तर जबाब जुळवले असं होईल का, ही भीती होती. शेवटी मॅडमनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "तब्येत विचार, हवं तेवढं बोल, फक्त त्या उड्डाणाबद्दल माझ्याशी दुसऱ्यांदा बोलणं होईपर्यंत नको." मी फोन केला. सर म्हणाले, "मान कशी आहे?" मी म्हटलं, "मनगट कसं आहे?" दोघंही मग बराच वेळ काही बोललो नाही, पण फोन ठेवलाही नाही.

२० नोव्हेंबरला शाळेचं पत्र आलं. विमा कंपनी दुरुस्ती देणार होती, पण पॉलिसीत सुरुवातीचा ठरावीक वाटा विमा घेणाऱ्याने सोसायचा असतो आणि तो माझ्याकडे मागितला होता. रक्कम माझ्या ३४ तासांच्या उड्डाणाइतकी होती. घाबरून मी पैसे कुठून उभे करायचे याच्या मागे लागले. एका वकील मैत्रिणीने थांबवलं आणि प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार वाचायला लावला. त्यात विद्यार्थ्याची जबाबदारी सोलो उड्डाणापुरती लिहिली होती. शिकवणीच्या उड्डाणात पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा जबाबदार वैमानिक, इन्स्ट्रक्टर असतो, आणि माझं ते उड्डाण लॉगबुकात ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतचं, म्हणून होतं. मी भांडण न करता एक पानाचं पत्र लिहिलं, कलमाचा क्रमांक दिला आणि लेखी उत्तर मागितलं. १२ जानेवारीला मागणी मागे घेतल्याचं पत्र आलं. फोनवर काहीही कबूल करू नका, आणि करार आजच काढून वाचा, अपघात झालेला नसतानाच.

इंजिन उघडायला गेलं होतं. प्रॉपेलर चालू इंजिनासकट जमिनीला लागला की झटका क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे प्रॉपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्यापर्यंत, जातो, म्हणून इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगच्या सूचनांनुसार बाहेरून काही दिसत नसलं तरी ते सुटं करून तपासावं लागतं. सात आठवडे लागले.

३ डिसेंबरला मॅडमनी पुन्हा बोलावलं. टेबलावर एक छोटा स्पीकर होता. म्हणाल्या, टॉवरच्या रेकॉर्डिंगमध्ये काही सापडलंय, ऐकायचं नसेल तर नको. मी ऐकते म्हटलं.

चार सेकंदांचं रेकॉर्डिंग होतं. आधी एक जोराचा श्वास, माझा. त्यामागे स्टॉलच्या, म्हणजे पंखांचा आधार सुटण्याच्या, इशाऱ्याची ती बारीक चिरकी शिट्टी. आणि लांबून, दुसऱ्याच्या माइकमधून यावा तसा, सरांचा आवाज: "आय हॅव कंट्रोल." पुन्हा, मोठ्याने: "आय हॅव कंट्रोल!" मग तो करवतीचा आवाज आणि शांतता. माझा एकही शब्द नाही.

टॉवरशी बोलायचं बटण योकच्या डाव्या शिंगावर, बोटाखाली असतं. ते दाबलं की माझा माइक टॉवरला ऐकू जातो. मी ते मुद्दाम दाबलं नव्हतं. योक इतका घट्ट आवळला होता की ते आपोआप दाबलं गेलं, आणि पूर्ण चार सेकंद दाबलेलंच राहिलं. म्हणजे सर दोनदा कंट्रोल मागत होते, नाक उचलायला मागे ओढत होते, थ्रॉटल पुढे करत होते. आणि मी दोन्ही हातांनी योक पुढे दाबून धरला होता. मी सोडला नव्हता. 'यू हॅव कंट्रोल' मी म्हटलंच नव्हतं.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मी खोटं लिहिलं." मॅडमनी लगेच डोकं हलवलं. "नाही. तुला तसं आठवत होतं. तू शंभर वेळा तो सराव केला आहेस, मनाने तो तिथे भरून टाकला." आणि विचारलं, जबाबात दुरुस्ती जोडायचीय का? जोडता येते. आधीचा जबाब तसाच राहतो, खाली तारीख घालून नवीन परिच्छेद लिहायचा. मी तो लिहिला. आठ महिन्यांत ते पाच ओळींचं लिहिणं सगळ्यात कठीण गेलं, आणि त्यानंतर मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

९ जानेवारीला, ६१ दिवसांनी, पुन्हा उडाले. आधी दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर. पहिले दोन तास लँडिंग केलंच नाही. रनवेवर पाच-सहा फुटांवर विमान धरायचं, टेकू द्यायचं नाही, पूर्ण लांबी तसंच न्यायचं आणि शेवटाकडे गो-अराउंड. असं वारंवार केल्यावर त्या तरंगण्याची भीती कमी झाली. नाक कुठे असावं ते डोळ्यांत बसलं. मग त्यांनी स्वतः हलकी उसळी देऊन दाखवली आणि मला फक्त पॉवर द्यायला लावली. एकूण पाच तास ड्युअल जास्तीचे झाले, म्हणजे माझा खरा खर्च तेवढा, शिवाय डॉक्टरांच्या तीन भेटी. उजवा हात थ्रॉटलवरून निघतो का, हे इन्स्ट्रक्टर प्रत्येक लँडिंगला पाहत. पहिल्या आठवड्यात दोनदा निघाला. भीती वाटत असेल तर इन्स्ट्रक्टरला आकड्यात सांगा, दहापैकी किती. 'ठीक आहे' म्हटलं तर समोरच्याला काही कळत नाही.

एप्रिलमध्ये अहवालाचा मसुदा आला. आमच्या मंडळाने अभिप्रायासाठी ३० दिवस दिले होते. नावं कुणाचीच नसतात, इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी एवढंच. मी एका वाक्याची भर मागितली: विद्यार्थ्याला आपण योक सोडल्याचं प्रामाणिकपणे आठवत होतं. मला वाटलं, पुढच्या तपास अधिकाऱ्याला आणि पुढच्या विद्यार्थ्याला ते उपयोगी पडेल. जुलैत अंतिम अहवाल आला, ११ पानं. ते वाक्य सातव्या पानावर आहे. शिफारस एकच: कंट्रोल घेण्या-देण्याचा सराव फक्त सुरुवातीच्या ब्रीफिंगमध्ये न करता हवेत, न सांगता, प्रत्येक धड्यात व्हावा, विद्यार्थ्याने शब्दात उत्तर द्यावं आणि दोन्ही हात उचलून दाखवावेत.

शाळेने ते दुसऱ्याच दिवसापासून सुरू केलं. सर आता पुन्हा शिकवतात आणि माझे पुढचे धडे त्यांच्याबरोबर आहेत. परवा डाउनविंडवर, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेने जाताना, चेकलिस्ट अर्धी झाली असताना, त्यांनी अचानक म्हटलं, "आय हॅव कंट्रोल."

"यू हॅव कंट्रोल," मी म्हटलं आणि दोन्ही हात खांद्यांपर्यंत उचलले.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग समोर. "आय हॅव कंट्रोल," पुन्हा म्हणाले, पद्धतीप्रमाणे. रनवेचं टोक पंखामागे जाईपर्यंत विमान त्यांच्याकडे होतं. मग म्हणाले, "घे परत. फ्लॅप दहा."